ठेवणीतला गिझर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गिझरला मी क्रोशाचं कव्हर विणलं होतं, हे ऐकून आता सगळे हसतात. हसा! टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या दांडीलासुद्धा कव्हर, तेव्हा कुणी हसत नाही. मग गिझरनंच काय घोडं मारलंय? पांढऱ्या दोऱ्याचं होतं, खाली झालर आणि पुढे लाल दिव्यापुरतं गोल भोक. माधवगंजातल्या आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी तर नमुना मागायला आल्या होत्या.

हा गिझर घेतला तेव्हा आमची मुलगी गरिमा कॉलेजात होती. तो पाहुण्यांसाठी. आम्ही दोघं खाली राहतो आणि बादलीत रॉड टाकून पाणी तापवतो. वर पाहुण्यांची खोली, पाहुण्यांच्या चादरी, पाहुण्यांचा साबण आणि पाहुण्यांचा गिझर. ठेवणीतली वस्तू ती ठेवणीतली, वापरली की ती झिजते, असं मला माझ्या आईनं शिकवलंय. ग्वाल्हेरात कुठल्याही मराठी घरचं कपाट उघडा, खोक्यातून न काढलेला काचेचा सेट सापडेलच. तर पाहुणे आले की मी गिझरच्या तापमानाचा कान पार शेवटपर्यंत पिरगळायची, गेले की बंद करायची आणि कव्हर सारखं करायची. याहून जास्त त्याचं काय करायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता यांच्याबद्दल सांगते. हे म्हणजे दिनकरराव. लहानपण बिरला नगरात, नोकरी तिथल्याच मिलच्या बॉयलर हाउसात, फोरमन म्हणून. मिल बंद झाल्यावर इथे-तिथे बॉयलर सांभाळत निवृत्त झाले. माणूस एकदम बडबड्या. भाजी आणायला गेले की कोथिंबीर विसरून आणि अख्ख्या लष्कर भागातल्या बातम्या घेऊन परत यायचे. मी चिडायची, हे हसायचे. संसार असा मजेत चालला होता.

श्रावणात यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात नेलं, स्टेंट घातले. डॉक्टर म्हणाले, "सांभाळा." पुढे आणखी बरंच काही म्हणाले असतील, माझ्या कानात 'सांभाळा' एवढंच राहिलं. आणि काय सांभाळलं म्हणता मी! जिना बंद, बाजार बंद. सायकल शेजाऱ्यांना देऊन टाकली. पाण्याचा पेलासुद्धा हातात नेऊन द्यायची. खिडकीशी आरामखुर्ची टाकली आणि पायांवर शाल घातली. रिपोर्ट एकदम बढिया यायला लागले आणि माणूस मात्र बोलेनासा झाला. चहा हवा? हूं. पंखा लावू? हूं. गरिमाचा फोन आलाय. हूं. मला भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. छातीतलं दुखणं निस्तरलं, पण माझा नवरा कुठेतरी दवाखान्यातच राहून गेला की काय, असं वाटायचं. मला फक्त हे पहिल्यासारखे हवे होते आणि तेवढंच काही केल्या होत नव्हतं.

त्यात दिवाळी आली. गरिमाचं लग्न मेमध्ये झालेलं, म्हणजे जावयाची पहिली दिवाळी. दिवाळसण! जावई हेमेंद्रराव भोपाळचे, बँकेत आहेत, स्वभावानं साधे. त्यांना पाटावर बसवून तेल-उटणं लावायचं, मग कढत पाण्यानं अंघोळ, मग फराळ. घरात हसणं-खिदळणं होईल आणि त्यानं यांना बरं वाटेल, असा माझा हिशोब होता. लाडू-चिवडा झाला आणि धनतेरसच्या आदल्या दिवशी सकाळी मी गिझर तपासायला वर गेले.

बटण दाबलं. आधी नुसती घुं घुं झाली, मग आत कुणी वाळूत फुटाणे भाजतंय असा तडतडाट सुरू झाला. बराच वेळ थांबून नळ सोडला तर करंगळीएवढी धार, लालसर आणि कोमट. या पाण्यानं जावयाला अंघोळ घालायची? मी तिथूनच सौरव मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "आंटीजी, अब तो दिवाली के बाद. और इतना पुराना है तो नया ही ले लो, उसकी टंकी गई समझो."

"पुराना कसला मेल्या, वापरला तरी कुठे आहे!" मी फोनवर ओरडले, पण तोवर त्यानं ठेवला होता. तणतणत खाली आले. कव्हर काखेत, पदर खोचलेला, तोंडाचा पट्टा चालू. आणि खुर्चीतून आवाज आला.

"तडतड की शिट्टी?"

मी थबकलेच. 'हूं' सोडून दुसरा शब्द कितीतरी दिवसांनी ऐकत होते. "काय?"

"गिझर. तडतडतोय की शिट्टी मारतोय?"

"तडतडतोय."

"मग टंकी नाही गेली. क्षार आहे." यांनी शाल बाजूला केली. "आपलं बोअरिंगचं पाणी किती जड आहे, डाळ शिजते का त्यात? ते तापलं की त्यातला चुना सुटतो आणि तळाशी बसतो. पाणी त्या थराखाली अडकून उकळतं, म्हणून वाजतंय. कॉइलवरही पुटं चढली असणार, मग तिची धग पाण्याला पोचणार कशी? शेवटचा धुतलास कधी?"

"दर महिन्याला धुते," मी म्हटलं. "निरम्यात भिजवून."

"काय?"

"कव्हर."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. पण डोळ्यांत काहीतरी हललं होतं. "मी वर जाऊन बघतो," म्हणत उठायला लागले.

"खबरदार! जिना चढायचा नाहीये. नवा घेऊ या, झालं."

हे परत खुर्चीत टेकले. शाल मीच परत पायांवर घातली. "हूं," म्हणाले. मी नवा गिझर घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, मिळेल, पण बसवून द्यायला माणूस दिवाळीनंतरच येईल. मनात म्हटलं, रॉडनं बादल्या तापवून वर नेऊ, दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं आली. हेमेंद्ररावांना सोफ्यावर बसवलं. करंजी दिली, चिरोटा दिला, पंखा त्यांच्याकडे वळवला. ते उठून पाणी घ्यायला गेले तर मी धावले, "अहो, बसा बसा!" बिचारे बसले. समोर खुर्चीत सासरे, इकडे सोफ्यावर जावई, दोघंही आपले बसलेले. मी गरिमाला घेऊन फुलं आणि उटणं आणायला बाहेर पडले. जाताना दोघांना बजावलं, "आराम करा."

परत येऊन दार उघडलं. खुर्ची रिकामी. शाल जमिनीवर पडलेली.

माझ्या हातातली पिशवी गळून पडली. झेंडू सगळीकडे घरंगळले. "अहो!" मी हाक मारली. सोफासुद्धा रिकामा. म्हणजे जावई यांना घेऊन दवाखान्यात पळाले, हेच माझ्या डोक्यात आलं. इतक्यात वरून धाडकन काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मी जिना कसा चढले ते मला विचारू नका. गरिमा मागून ओरडत होती, "आई, संभाल के!"

वर मोरीच्या दारात प्लॅस्टिकच्या स्टुलावर हे बसलेले. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात टॉर्च. आणि आत आमचे जावई! नवा झब्बा खुंटीला, अंगात बनियन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, केसांतून लाल पाणी ओघळतंय. गिझर भिंतीवरच होता, पण त्याचं बूड उघडलेलं आणि खाली लोखंडी बादली भरत आलेली.

"मेन स्विच पाडलाय ना, हेमेंद्रराव? टेस्टर लावून बघितलंत?"

"बघितलं, बाबा. पाणी पण वरून बंद आहे."

"शाब्बास. आता काठीनं तळ हळूच ढोसा. जोरात नाही, आतलं अस्तर निघेल."

परत धाडकन झालं. चुन्याचं एक भलंमोठं ढेकूळ बादलीत पडलं आणि दोघंही एखादा सामना जिंकल्यासारखे ओरडले.

मग मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवतही नाही. "पहिल्या दिवाळीला आलेला जावई! पाटावर बसवायचा तर मोरीत बसवलात! त्यांच्या घरी कळलं तर काय म्हणतील? आणि तुम्ही! जिना चढलात! कुणाला विचारून?"

"हळूहळू चढलो. मधे थांबलो," हे म्हणाले. इतक्या शांतपणे, की मला आणखीच राग आला.

"आई, बाबांची काही चूक नाही, मीच मागे लागलो," हेमेंद्रराव म्हणाले. हातात कॉइल, तिच्यावर एवढा जाड पांढरा थर. "खरं सांगू? लग्न झाल्यापासून मी तुमच्याकडे आलो की नुसता सोफ्यावर बसतो. खातो आणि बसतो. उठलो की तुम्ही म्हणता, बसा. आज पहिल्यांदा कुणी म्हणालं, उठा. मला तर इतकी मजा येतेय!"

गरिमा फस्सकन हसली. "आई, तू यांना पण कव्हर घातलंस!"

"तू गप्प बस," मी म्हटलं. पण बादलीकडे नजर गेली आणि मीच गप्प झाले. पांढरट-पिवळे पापुद्रे, खाली लाल चिखल. मी इतक्या मायेनं झाकून ठेवलेल्या गिझरच्या पोटात हे होतं.

"वापरला नाही तरी खराब कसा झाला?" मी विचारलं.

"वापरला नाही म्हणूनच तर," हे म्हणाले. आता यांना कोण थांबवणार! "पाणी महिनोन्महिने आत साचून राहिलं. तुझे पाहुणे आले की तू एकदम फुल्लवर टाकणार. पाणी जितकं जास्त तापेल तितका चुना जास्त सुटतो, पन्नास-साठच्या मध्ये ठेवावं. वर्षाकाठी एकदा रिकामा करून गाळ काढावा. हा बाजूचा व्हॉल्व आहे ना, जास्त वाफ झाली तर सोडणारा, तो अधूनमधून हातानं उचलून बघावा. हा तर गंजून जाम झाला होता. कुणी कधी हात लावला नाही, मग वेळेवर तो उघडायचा कसा?" मग खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. वाकडीतिकडी तार होती, तिला जागोजागी खरपुडी चिकटलेली. "आणि ही बघ. मॅग्नेशियमची कांडी. नवी असताना अंगठ्याएवढी जाड असते. पाणी हिला खातं आणि टंकीला सोडतं. ही संपली की मग टंकीची पाळी. थोडक्यात वाचलो."

मी ती तार हातात घेतली. म्हटलं, "बघा. स्वतः झिजायचं आणि दुसऱ्यांना वाचवायचं. म्हणजे या घरातली कांडी मीच."

मला वाटलं, हे हसतील. हसले नाहीत.

"नाही, शालिनी. तू कव्हर आहेस," हे म्हणाले. "फार सुंदर विणलेलं. पण आत काय चाललंय ते तुला दिसत नाही."

मला आधी राग आला आणि रागाच्या मागोमाग रडू. जावई समोर आहेत याचंही भान राहिलं नाही. "तुम्हाला काय जातंय बोलायला," मी म्हटलं. "त्या दिवशी स्ट्रेचरवर तुमचा हात गार पडला होता. तुम्हाला शुद्ध नव्हती. तो हात मी धरला होता, तुम्ही नाही. तेव्हापासून मी एक दिवस धड झोपले नाहीये. जिना चढू देऊ? बाजारात जाऊ देऊ? आणि वाटेत काही झालं तर मी काय करू, सांगा ना!"

यांनी टॉर्च विझवली. स्टूल थोडं माझ्याकडे ओढलं.

"ठाऊक आहे," म्हणाले. "म्हणूनच तर बसलो होतो ना इतके दिवस, तू म्हणशील तिथे. पण मिलमध्ये मोठी सुट्टी असली की आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती बंद बॉयलरची असायची. चालता बॉयलर बोलतो, आवाजावरून कळतं काय दुखतंय ते. बंद असलेला गुपचूप सडतो. मी तसा सडतोय, शालिनी. तुझ्यासमोर, शाल पांघरून."

"आई," गरिमा हळूच म्हणाली, "डॉक्टर बोलले तेव्हा मी होते ना तिथे. ते म्हणाले, सांभाळा, पण बसवून ठेवू नका. रोज टहलना है, छोटे-मोटे काम करना है. मी तुला फोनवर दहादा सांगितलं. तू 'हो हो' म्हणायचीस और फोन बाबा को देती ही नहीं थी."

मी पदरानं तोंड पुसलं. हेमेंद्ररावांनी बिचाऱ्यांनी विषय बदलावा म्हणून विचारलं, "बाबा, आता कांडी नवी लागेल. आणि हे रबराचं वॉशर पण. मी घेऊन येऊ का?"

"लांबी आणि आटे जुळवून घ्यावी लागते. नई सडकला विश्वासराव आहे आमचा, मिलमधला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. आज उघडं असेल." हे कुणाकडेच बघत नव्हते. नुसते स्टुलाच्या कडेला सरकून बसले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

सांगते, 'जा' हा एवढासा शब्द आहे, पण तो काही मी म्हटला नाही. शेवटी म्हटलं, "स्वेटर घाला. उन्हं उतरलीत."

हे उठले. माझ्या नवऱ्याला इतक्या लगबगीनं स्वेटर घालताना मी लग्नाच्या वरातीतही पाहिलं नव्हतं.

कॉइल टाटरीच्या पाण्यात घालून ठेवायला सांगून गेले. ढोकळ्यात घालायचं लिंबूसत म्हणजे टाटरी, माझ्याकडे डबाभर होती. ती मी गरिमाच्या हातात कोंबली आणि यांच्या मागोमाग निघाले. नाही राहवलं. बरंच अंतर ठेवून, पदर डोक्यावरून घेऊन. दिवाळीची गर्दी, पणत्यांचे गाडे, बत्ताशांचे ढीग आणि त्यातून हे चाललेले, सावकाश, हात मागे बांधून. पानवाल्यानं हाक मारली, "अरे फोरमन साहब! कहाँ थे इतने दिन?" हे थांबले. शिंपी भेटला, तिथे थांबले. विश्वासरावांच्या दुकानात तर खुर्चीच मिळाली. दोघं ती खरपुडलेली तार उलटीसुलटी करून बघत आणि मोठमोठ्यानं हसत बसले. मी समोरच्या बांगड्यांच्या दुकानात बांगड्या बघण्याचं नाटक करत होते. तो हसण्याचा आवाज मला रस्त्यापलीकडे ऐकू आला आणि माझे डोळे परत भरले. बांगडीवाला म्हणाला, "बहनजी, पसंद नहीं आई?" म्हटलं, "बहुत पसंद आई, भैया."

परत येताना गल्लीच्या तोंडाशी हे थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "आता बरोबरच चल की. गुडघे दुखतील तुझे लपूनछपून."

संध्याकाळी वॉशर बसलं, कांडी बसली, कॉइल तांब्याच्या भांड्यासारखी लखलखीत होऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे नळ सोडला तर मनगटाएवढी धार, वाफाळलेली. जावयांना पाटावर बसवून गरिमानं तेल लावलं, मी उटणं दिलं आणि हेमेंद्रराव आतून ओरडले, "बाबा, एकदम चुपचाप तापतोय!" हे मोरीबाहेर उभे राहून कान देऊन ऐकत होते. पोरगं पहिल्यांदा पास झाल्यावर बाप दिसतो तसे दिसत होते.

मग पाडवा आला. यंदा यांना तेल-अंघोळ नको, श्रम होतात, असं मी आधीच ठरवून टाकलं होतं. ते माझं मीच मोडलं. पाट मांडला आणि यांच्या पाठीला, खांद्यांना तेल लावलं. श्रावणापासून मी या अंगाला काच असल्यासारखी हात लावत होते. त्या दिवशी चांगलं खसखसून रगडलं. "अगं, हळू!" हे म्हणाले. म्हटलं, "मोडणार नाही आता." वरच्या गिझरच्या पाण्यानं अंघोळ घातली, ओवाळलं आणि ताट पुढे धरलं.

"काय हवं ओवाळणीला?" यांनी विचारलं.

सगळं मनात घोळवून ठेवलं होतं, नेमकं तेव्हा काहीच आठवेना. जे आलं ते बोलले. "रोज बाहेर जा. पाहिजे तितका वेळ गप्पा मारा. फक्त रोज परत या."

यांनी ताटात काही टाकलं नाही. ताटावरचा माझा हातच धरला. हात गरम होता.

आता जानेवारीची कडाक्याची सर्दी पडली आहे. आम्ही दोघंही वरच्या गिझरनं अंघोळ करतो, रॉड माळ्यावर गेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी हे व्हॉल्व उचलून बघतात, मग पाहुण्यांच्या चादरीवर बसून चहा पितात. शेजाऱ्यांकडून सायकल मागितली, त्यांनी तोंड वाकडं केलं, पण दिली. आणि ते क्रोशाचं कव्हर मी उसवलं. त्याच दोऱ्याची पिशवी विणली, चांगली घट्ट, दोन बंदांची. रोज सकाळी ती यांच्या हातात देते आणि हे बाजारात जातात. कालही कोथिंबीर विसरून आले.